बोजा उचलण्याआधी

पांढरकवडा मागे टाकून पेनगंगेचा पूल ओलांडला की राष्ट्रीय महामार्ग ४४ आदिलाबाद जिल्ह्यात शिरतो. राज्य बदलतं, पाट्यांची लिपी बदलते; पण बेला, जैनदकडच्या गावांत मराठी कानावर पडतच राहते आणि पीक तर मुळीच बदलत नाही. नदीच्या अलीकडे पऱ्हाटी, पलीकडेही पऱ्हाटी. दसऱ्याच्या मागेपुढे वेचणी सुरू होते. कमरेला ओटी बांधलेली बाई सकाळी तासात शिरते. बोंडं झाडाच्या बुडापासून शेंड्यापर्यंत कुठेही फुटलेली असतात, म्हणून ती वाकते, थोडी उठते, पुन्हा वाकते. पण पाठ सरळ करून उभी अशी फारशी राहत नाही. ओटी भरत जाते तसं वजन कमरेच्या पुढच्या बाजूला लोंबू लागतं. संध्याकाळी दिवसभराचा कापूस गाठोड्यात बांधायचा, गाठोडं डोक्यावर घ्यायचं आणि काट्यापर्यंत न्यायचं. मजुरी किलोवर असते, त्यामुळे मध्ये थांबणं म्हणजे पैसे सोडणं.

फंक्शनल फिटनेसचा ट्रेनर व्हायला निघालेल्याने पहिला धडा या रानातच घ्यावा, असं माझं मत आहे. आरशांनी मढवलेल्या हॉलमध्ये तो उशिरा समजतो.

या शाखेचं म्हणणं साधं आहे. व्यायामशाळेत कमावलेलं व्यायामशाळेबाहेर उपयोगी पडलं पाहिजे. दंड फुगले तर हरकत नाही, पण त्यासाठी हा खटाटोप नाही. म्हणून ट्रेनरचा पहिला प्रश्न ‘किती वजन उचलता?’ हा नसतो, ‘दिवसभर काय करता?’ हा असतो. प्रमाणपत्राच्या परीक्षांची नावाजलेली पुस्तकं बहुतेक अमेरिकेत लिहिली गेली आणि त्यांच्या उदाहरणांतला माणूस ठरलेला आहे: चाळिशी ओलांडलेला, आठ तास खुर्चीत बसणारा, खांदे पुढे आलेले, पोट सुटलेलं. असा माणूस आदिलाबाद शहरातही आहे, कलेक्टर कचेरीत आहे, बँकेत आहे, दुकानाच्या गल्ल्यावर तर आहेच. त्याच्यासाठी पुस्तक जसंच्या तसं चालतं. पण त्याच जिममध्ये पोलीस भरतीची तयारी करणारा पोरगा येतो, मार्केट यार्डातला हमाल येतो, गुडघे धरून चालणाऱ्या आईला घेऊन एखादी लेक येते. त्यांना पुस्तकातली उत्तरं लागू पडत नाहीत. तत्त्वं मात्र लागू पडतात, आणि ती कुठून आली हे माहीत असलेलं बरं.

‘तीन सेट, दहा रेप’ हे जगभरच्या जिममध्ये चालतं. त्याचं मूळ एका लष्करी इस्पितळात आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस थॉमस डेलॉर्म हा अमेरिकन लष्करी डॉक्टर जायबंदी सैनिकांच्या गुडघ्यांवर उपचार करत होता. कमकुवत पायाला हलक्या वजनाने पुष्कळ वेळा हलवायचं, ही तेव्हाची रीत. डेलॉर्मने उलटं केलं. रुग्णाला जेमतेम दहा वेळा उचलता येईल असं वजन शोधायचं आणि ताकद वाढेल तसं ते वाढवत न्यायचं. १९४५मध्ये त्याने हे प्रसिद्ध केलं. पुढे ती पद्धत अशी बसली: पहिले दहा त्या वजनाच्या निम्म्याने, दुसरे दहा पाऊण वजनाने, तिसरे दहा पूर्ण वजनाने. म्हणजे आज ज्याला फंक्शनल ट्रेनिंग म्हणतात त्याची एक मुळी शरीरसौष्ठवाच्या स्पर्धेत नाही, मोडलेल्या माणसाला पुन्हा उभं करण्यात आहे.

दुसरी मुळी आपल्या अंगणातली. आदिलाबादहून फार लांब नसलेल्या अमरावतीत १९१४ साली वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा सुरू केला. तोच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाला. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने तिथे भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिकं दाखवली. त्याच सुमारास बडोद्यात दत्तात्रय चिंतामण मुजुमदार मराठीत ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे खंड काढत होते, ते काम दहा खंडांपर्यंत गेलं. जोर, बैठका, मुद्गल, करेल, मल्लखांब हे सगळं फंक्शनलच आहे. जोरात ढकलणं आणि पाठीचा कमानदार प्रवास एकत्र येतो, मुद्गलात खांदा आणि कंबर फिरते, मल्लखांबावर पकड आणि ओढ तयार होते. तालमीत उणीव होती ती मोजमापाची. कुणाला किती झेपेल हे वस्तादाच्या नजरेत असे, वहीत नसे. नजर तयार व्हायला वीस वर्षं लागतात. वही पहिल्या दिवशी उघडता येते, आणि नव्या ट्रेनरकडे तेवढंच असतं.

आता शरीराकडे. शाळेत हाडं आणि स्नायू पाठ करतो तसं इथे चालत नाही. इथे आधी हालचाल, मग ती करणारे स्नायू. बसणं-उठणं, कमरेच्या सांध्यातून वाकणं, एक पाय पुढे टाकून खाली जाणं, ढकलणं, ओढणं, वजन घेऊन चालणं आणि अंग पिळणं, या सात हालचालींत माणसाचं बहुतेक काम येतं. कुणी सहा मोजतात, कुणी आठ. त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

बसण्या-उठण्यात आपल्याकडच्या खेड्यातला माणूस पुस्तकातल्या माणसापेक्षा बरेचदा पुढे असतो. टाचा जमिनीला टेकवून उकिडवं बसणं पाश्चात्त्य ट्रेनर महिनोन्महिने शिकवतात. इथे पन्नाशीच्या बाईला ते शिकवावं लागत नाही. अशा वेळी तिला रिकाम्या हाताने बैठका घालायला लावणं म्हणजे वेळ घालवणं. तिची अडचण दुसरीकडे असेल, ती शोधावी. याउलट शहरात कमोड, डायनिंग टेबल आणि सोफा आले की दहा-पंधरा वर्षांत हीच हालचाल हरवते. ब्राझीलमधल्या क्लाउदिओ आराउजो यांच्या गटाने ५१ ते ८० वर्षांच्या २,००२ माणसांना जमिनीवर बसून उठायला लावलं. दहापैकी गुण द्यायचे आणि हात, गुडघा टेकला की प्रत्येक टेकूला एक गुण कापायचा, अशी त्यांची चाचणी. २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तीन किंवा त्याहून कमी गुण मिळालेल्यांचं पुढच्या काही वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण, आठ किंवा त्याहून जास्त गुण मिळालेल्यांपेक्षा पाच-सहा पटींनी जास्त निघालं. टेकू घेतल्याने माणूस मरतो असा याचा अर्थ नाही. ताकद, तोल आणि सांध्यांची मोकळीक एकत्र ढासळली की ती या एका कृतीत दिसते. पंगतीत मांडी घालून जेवणाऱ्या समाजातल्या ट्रेनरला याहून सोपी चाचणी मिळायची नाही, आणि तिला यंत्रही लागत नाही.

वाकण्यावर मात्र जास्त वेळ द्यायला हवा, कारण या जिल्ह्यातलं दुखणं तिथेच आहे. गुडघे किंचित दुमडून, नितंब मागे नेऊन, पाठ लांब ठेवून वाकलं तर भार मांडीच्या मागच्या आणि नितंबांच्या मोठ्या स्नायूंवर येतो. कण्यातून गोल होऊन वाकलं तर तो कमरेच्या मणक्यांभोवतीच्या ऊतींवर येतो. आल्फ नाखेमसन या स्वीडिश शल्यविशारदाने जिवंत माणसांच्या मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून दाब मोजला. ताठ उभं असतानाचा दाब १०० धरला तर पुढे वाकल्यावर तो सुमारे १५० आणि हातात वजन घेऊन वाकल्यावर २२०च्या घरात गेला. हे आकडे ट्रेनरच्या पुस्तकांत सगळीकडे सापडतात. त्यांच्यापेक्षा मला १९५५ सालचं एक निरीक्षण जास्त कामाचं वाटतं. फ्लॉइड आणि सिल्व्हर या दोन संशोधकांनी पाठीच्या स्नायूंमधली विद्युत हालचाल नोंदली. माणूस वाकत जातो तसे स्नायू काम करतात, पण पूर्ण वाकला की ते चक्क गप्प होतात. भार अस्थिबंधांवर, म्हणजे हाडांना बांधणाऱ्या पट्ट्यांवर जातो. आणि या पट्ट्या तासन्‌तास ताणून धरल्या तर थोड्या सैल पडतात. सरळ झाल्याबरोबर त्या लगेच पूर्ववत होत नाहीत.

आता वेचणीचा दिवस पुन्हा डोळ्यांपुढे आणा. दिवसभर वाकून पट्ट्या सैल झालेल्या, स्नायू थकलेले, आणि नेमक्या त्याच क्षणी दिवसातलं सगळ्यात जड काम, गाठोडं उचलणं. तिथे कंबर धरली तर नवल कसलं? अशा बाईला ट्रेनर काय देऊ शकतो? वेचणीच्या हंगामात तिला जड डेडलिफ्ट करायला लावणं शहाणपणाचं नाही. तिला सांगायच्या गोष्टी वेगळ्या: तासाच्या टोकाला आल्यावर उभं राहून हात कमरेवर ठेवून थोडं मागे झुकायचं, गाठोडं उचलण्याआधी दोन-चार मिनिटं ताठ उभं राहायचं, चालायचं, गाठोडं डोक्यावर घेताना एकटीने झटका न देता दुसरीचा हात घ्यायचा. मार्च उलटून रान मोकळं झालं की मग मांडीच्या मागची आणि नितंबांची ताकद वाढवायची, म्हणजे पुढच्या हंगामात पाठीचं काम वाटलं जाईल. वाकणं हेच पाप आहे असं मात्र कुणाला सांगू नये. पाठ वाकण्यासाठीच आहे. आपली पाठ काचेची आहे अशी भीती मनात बसली की माणूस हालचालच टाळतो आणि दुखणं लांबतं.

शरीर तीन दिशांनी हलतं: पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि स्वतःभोवती वळून. परीक्षेत यावर हमखास प्रश्न असतो आणि विद्यार्थी आकृती पाठ करतात. त्यापेक्षा दिवाळीत एखाद्या गोंड गावात दंडारीचा नाच पाहावा. मोरपिसांचा मोठा टोप डोक्यावर, अंगाला राख फासलेले गुसाडी नाचताना उड्या मारतात, बाजूला झेप घेतात, गर्रकन वळतात, आणि त्या जड टोपाखाली मान स्थिर ठेवतात. गावोगाव असं कित्येक दिवस चालतं. जिममधली बहुतेक यंत्रं फक्त पुढे-मागे हलवतात. बाजूची आणि वळणाची हालचाल राहून जाते, आणि घसरून पडताना माणसाला नेमकी तीच लागते. गुसाडी नृत्याचे गुरू मारलवाईचे कनक राजू यांना २०२१मध्ये पद्मश्री मिळाली. कलेसाठी मिळाली हे योग्यच. पण शरीर-शिक्षणाच्या वर्गातही त्यांचं नाव घेतलं जावं, असं मला वाटतं.

इथे एक शंका येईल. जो माणूस दिवसभर शेतात राबतो त्याला व्यायामाची गरजच काय? १९५३ साली जेरेमी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसमधले ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. व्यायाम आणि हृदय यांच्या अभ्यासाची ती सुरुवात मानतात. त्यावरून कष्ट म्हणजे व्यायामच असा समज पसरला. पण गेल्या काही वर्षांत आंद्रेआस होल्टरमन आणि त्यांच्या डॅनिश सहकाऱ्यांनी दाखवलं की कामावरचे जड कष्ट हृदयाला फुरसतीतल्या व्यायामासारखे लाभत नाहीत. काही अभ्यासांत तर उलट परिणाम दिसला. कारणं समजण्यासारखी आहेत. कामावर तीव्रता कमी आणि वेळ फार असतो, विसावा आपल्या हातात नसतो, तीच हालचाल हजारदा होते आणि रात्रीची झोप अपुरी पडते. व्यायामात मात्र भार ठरवून दिला जातो आणि विसावाही. गोळी आणि विष यांत जो फरक असतो तो बरेचदा मात्रेचाच.

मात्रा ठरवणं हेच ट्रेनरचं खरं काम. शरीराला सवयीपेक्षा थोडा जास्त भार द्या, सावरायला वेळ द्या, मग पुन्हा थोडा वाढवा. भार काढला की कमाई हळूहळू उतरते. आणि ज्याचा सराव कराल तेच सुधारतं. एवढ्यावर सगळी इमारत उभी आहे. पुस्तकं वर्षाचे टप्पे स्पर्धांच्या तारखांवरून पाडतात. आदिलाबादमध्ये ते पेरणी, निंदण आणि वेचणीवरून पाडावेत. निंदणाच्या दिवसांत उकिडवं बसून खुरपं चालवणाऱ्याला संध्याकाळी बैठका देणारा ट्रेनर पुस्तकाशी प्रामाणिक असेल, त्या माणसाच्या गुडघ्यांशी नाही.

‘ज्याचा सराव कराल तेच सुधारतं’ हे सगळ्यात स्वच्छ दिसतं भरतीच्या मुलांत. तेलंगण पोलीस शिपाई भरतीच्या २०२२च्या जाहिरातीत पुरुषांना १६०० मीटर सव्वासात मिनिटांत, महिलांना ८०० मीटर ५ मिनिटं २० सेकंदांत धावायचं होतं. शिवाय लांब उडी आणि गोळाफेक. १६०० मीटरचं गणित मांडा: चारशे मीटरची एक फेरी १०९ सेकंदांहून कमी वेळात, अशा चार. इतक्या वेळाच्या धावेत बहुतेक ऊर्जा प्राणवायूच्या साहाय्याने तयार होते. उडी आणि गोळा मात्र काही सेकंदांत संपतात. तिथे स्नायूत आधीच साठलेलं इंधन वापरलं जातं आणि ते दहा सेकंदांच्या आसपास आटतं. मैदानावर मुलं काय करतात? रोज पहाटे जीव तोडून तेच अंतर धावतात आणि रोज आपला वेळ मोजतात. हे परीक्षा देणं झालं, तयारी नव्हे. आठवड्यातले बहुतेक दिवस बोलत बोलत धावता येईल इतक्या संथ गतीने लांब धावावं. एक-दोन दिवस ४०० मीटरचे तुकडे १०५-१०८ सेकंदांत घेऊन मध्ये पुरेसा विसावा घ्यावा. उडीसाठी वेगळ्या दिवशी, ताज्या पायांनी थोड्याच पण पूर्ण जोराच्या उड्या माराव्यात. पोरांना संथ धावायला पटवणं हे जगातलं अवघड काम आहे. त्यांना वाटतं ट्रेनर आळशी आहे.

जोर किती लावला हे मोजायला नाडी आहे. मिनिटाला जास्तीत जास्त किती ठोके, यासाठी २२० मधून वय वजा करायचं हे सूत्र सगळ्यांना माहीत असतं. २००१मध्ये तनाका आणि सहकाऱ्यांनी दिलेलं सूत्र, २०८ वजा वयाच्या सात दशांश, वयस्कांसाठी जास्त जवळ जातं. साठीच्या माणसाला पहिल्याने १६० येतात, दुसऱ्याने १६६. पण ही सगळी सरासरी आहे. प्रत्यक्षात माणसागणिक दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गोळी घेणाऱ्याची नाडी औषधानेच दाबलेली असते, तिथे सूत्र निरुपयोगी. अशा वेळी गुन्नर बोर्ग यांची ६ ते २० अंकांची पट्टी वापरतात: ‘किती जड वाटतंय?’ याचं उत्तर आकड्यात घ्यायचं. ज्याला आकडे जमत नाहीत त्याला बोलतं ठेवावं. वाक्य पूर्ण करता येतं तोवर काम मध्यम आहे, शब्द तुटायला लागले की जड.

हे सगळं सुरू करण्याआधीची पायरी म्हणजे विचारपूस. तिच्यासाठी कॅनडात तयार झालेली सात प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरतात: हृदयविकार आहे का, छातीत दुखतं का, चक्कर येऊन पडलात का, रक्तदाबाची गोळी आहे का, सांध्याचं दुखणं आहे का, असे साधे प्रश्न. एकालाही ‘हो’ आलं तर पुढे चौकशी, गरज पडली तर डॉक्टर. आदिलाबादमध्ये मी या सातांना एक आठवा प्रश्न जोडीन: सिकलसेलची तपासणी झाली आहे का?

भारतात सिकलसेल या तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराच्या जनुकाची नोंद १९५२मध्ये प्रथम नीलगिरीच्या आदिवासींत झाली. मध्य भारताच्या आदिवासी पट्ट्यात ते बरंच आढळतं: विदर्भात आढळतं, आणि आदिलाबादच्या गोंड, परधान, कोलाम वस्त्यांतही. आईवडील दोघांकडून हे जनुक आलं तर तो आजार; त्या व्यक्तीला व्यायाम डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यायचा. एकाकडूनच आलं तर ती व्यक्ती वाहक. वाहक माणूस ठणठणीत असतो, शेती करतो, खेळतो, त्याला स्वतःलाही पत्ता नसतो. पण विसावा न देता, उन्हात, अंगात पाणी कमी असताना त्याला पूर्ण जोराने पळवलं, तर तांबड्या पेशी आकार बदलून स्नायूंतला रक्तपुरवठा अडवू शकतात. २००६मध्ये अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाचा एक १९ वर्षांचा फुटबॉलपटू शंभर-शंभर यार्डांच्या सोळा धावांनंतर कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. तो वाहक होता. त्यानंतर, २०१०पासून, तिथल्या वरच्या श्रेणीच्या विद्यापीठीय खेळाडूंसाठी ही तपासणी नियमात आली.

धोका किती मोठा? १९८७मध्ये अमेरिकन सैन्यभरतीतल्या तरुणांवरचा एक अभ्यास आला. त्यात कृष्णवर्णीय रंगरुटांपैकी वाहकांमध्ये प्रशिक्षणातल्या अचानक मृत्यूचा धोका इतरांच्या सुमारे २८ पट निघाला. मग २०१६मध्ये जवळपास ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मृत्यूंमध्ये फरक दिसला नाही; श्रमाने स्नायू विरघळण्याचा धोका वाहकांमध्ये ५४ टक्क्यांनी जास्त होता, एवढंच. मधल्या काळात सैन्याने उन्हात पाणी, विसावा आणि हळूहळू वाढवत नेलेला सराव हे नियम सर्वांनाच लावले होते. म्हणजे वाहकाला जिमबाहेर ठेवण्याची गरज नाही. पहिल्या दिवशी कुणालाच ‘दम निघेस्तोवर’ पळवायचं नाही, एवढं केलं तरी मोठा धोका टळतो. भरतीच्या शिबिरांत नेमकं उलट चालतं. पहिल्याच दिवशी चाळणी लावायची म्हणून सगळ्यांना घड्याळावर पळवतात.

लक्षण ओळखता आलं पाहिजे. उष्म्याने गोळे येतात तेव्हा स्नायू दगडासारखा घट्ट होतो आणि माणूस ओरडतो. वाहक कोसळतो तेव्हा पाय गळाल्यासारखे होतात, तो हळूच खाली बसतो, शुद्धीवर असतो, बोलतो. ‘नाटक करू नकोस, ऊठ’ असं त्या क्षणी म्हणणं जिवावर बेतू शकतं. काम थांबवा, सावलीत न्या, पाणी द्या, आणि लगेच सुधारणा दिसली नाही तर इस्पितळ. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ला शहडोलमधून सुरू झाली. तपासणी झालेल्यांना कार्ड मिळतं. ट्रेनरने त्या कार्डाबद्दल एकांतात विचारावं आणि उत्तर आपल्या वहीतच ठेवावं. कार्डावरच्या एका नोंदीवरून लग्नं मोडतात.

उन्हाशीही हळूहळूच जुळवून घ्यावं लागतं. आदिलाबादचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपास जातो. शरीराला उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, आणि ती लवकर जाते. हैदराबादच्या वसतिगृहात वर्षभर पंख्याखाली बसलेला मुलगा उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी येऊन पहिल्या दिवशी गावच्या पोरांबरोबर पळतो, तेव्हा गावची पोरं आणि तो एकाच उन्हात नसतात.

आहाराबद्दल थोडक्यात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या शिफारशींप्रमाणे निरोगी प्रौढाला रोज वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. साठ किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅम. जोर वाढवणाऱ्याला थोडी जास्त. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, अंडी, दही यांतून हे बसतं का ते आधी पाहावं, पावडरीचा डबा नंतर. याहून पुढे जाऊन मधुमेह्याला पथ्य लिहून देणं, दुखऱ्या गुडघ्याचं निदान करणं हे ट्रेनरचं काम नाही. आणि इंजेक्शनं विकणाऱ्या ट्रेनरला तर ट्रेनर म्हणूच नये.

राहिला प्रश्न प्रमाणपत्राचा. व्यायाम-प्रशिक्षकाने परवाना घेतलाच पाहिजे असा केंद्रीय कायदा भारतात नाही. उद्या सकाळी कुणीही शिट्टी गळ्यात अडकवून ट्रेनर होऊ शकतो. तरी रस्ते आहेत. सरकारी कौशल्यविकासाच्या चौकटीत खेळ आणि फिटनेस क्षेत्राची वेगळी परिषद आहे आणि तिच्या मान्यतेचे अभ्यासक्रम चालतात. मुंबईत २००३पासून के-इलेव्हनसारखी खासगी संस्था आहे. परदेशी प्रमाणपत्रांत १९८५मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइजचं नाव इथे जास्त ऐकू येतं: वय किमान १८, तीन तासांत १५० प्रश्न, आणि दर दोन वर्षांनी नव्याने शिकल्याचा पुरावा देऊन नूतनीकरण. ज्याला शिक्षकीच करायची आहे त्याने अमरावतीसारख्या ठिकाणची शारीरिक शिक्षणाची पदवी घ्यावी. ती लांबची वाट आहे पण शरीररचना आणि शरीरक्रिया तिथे नीट शिकवतात. वर्ग लावण्याआधी एकच पाहावं: प्रत्यक्ष माणसावर काम करायला मिळतं की नुसते व्हिडिओ दाखवतात?

बऱ्याच प्रमाणपत्रांची एक अट मात्र सरळ जिवाशी निगडित आहे. हृदय बंद पडलेल्या माणसाला छाती दाबून जिवंत ठेवण्याचं प्रशिक्षण आधी घ्यावं लागतं. छातीच्या मधोमध, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मदत येईपर्यंत. हे पुतळ्यावर करून पाहिल्याशिवाय येत नाही. एवढं खोल दाबायला किती जोर लागतो याची वाचून कल्पनाच येत नाही. आणि दाबायला सुरुवात करतानाच दुसऱ्याने रुग्णवाहिकेसाठी १०८ नंबर लावायचा. ही सेवा २००५च्या स्वातंत्र्यदिनी हैदराबादेतच सुरू झाली. आदिलाबाद शहरात रिम्सचं इस्पितळ जवळ आहे. उटनूर किंवा इंद्रवेल्लीच्या आतल्या गुड्यावरून, म्हणजे आदिवासी वस्तीवरून, फोन केला तर गाडीला वेळ लागणार, हे धरूनच दोघा-तिघांना दाबायला तयार ठेवावं, कारण दोन मिनिटांत हात थकतात आणि दाब उथळ होतो. पत्ता सांगताना नुसतं गावाचं नाव पुरत नाही, मंडळाचं (तालुक्यासारख्या विभागाचं) नाव आणि रस्त्यावरची खूण आधी सांगावी. एकट्या शेजारच्या आसिफाबाद जिल्ह्यात सिरपूर नावाची दोन मंडळं आहेत, एकापुढे ‘यू’ लावतात, दुसऱ्यापुढे ‘टी’.